आकडा मोजलेला, अंदाजाचा की हाताने भरलेला? आरोग्याचं ॲप निवडताना

एके काळी माझ्या फोनमध्ये आरोग्याची पाच ॲप्स होती. पावलं मोजायला एक, जेवण लिहायला एक, झोपेचं एक, ध्यानाचं एक आणि पाणी प्यायची आठवण करून देणारं एक. तिसऱ्या आठवड्यापर्यंत माझं काम एवढंच उरलं की सकाळी उठायचं आणि या पाचांची नोटिफिकेशन्स पुसायची.

त्यामुळे आता कोणी विचारलं, 'कुठलं ॲप घेऊ?', की मी आधी उलट विचारते: त्यातला आकडा येतो कुठून? आकडे तीनच जातीचे असतात. काही फोन खरोखर मोजतो, काही अंदाजाने काढतो आणि काही तुम्ही स्वतः भरता. मोजलेल्या आकड्याला कष्ट पडत नाहीत. अंदाजाचा आकडा दिसतो रुबाबदार, पण त्याच्यावर फार विसंबता येत नाही. हाताने भरलेला सगळ्यांत उपयोगी, मात्र तो भरायचा कंटाळा येतो. पुढची सगळी तुलना मी याच चाळणीतून केली आहे.

चालणं आणि धावणं

इथे काही उतरवून घ्यायच्या आधी फोनमध्ये आहे तेच उघडा. आयफोनमध्ये ॲपल हेल्थ २०१४पासून आहे, सॅमसंगच्या फोनवर सॅमसंग हेल्थ असतं, इतर अँड्रॉइड फोनवर गूगल फिट घेता येतं. हालचाल टिपणारा सेन्सर फोनमध्येच असतो, त्यामुळे पावलांच्या मोजणीत या तिघांत निवड करण्यासारखं फारसं काही नाही. तिघांची उणीवही एकच: फोन टेबलावर ठेवून तुम्ही घरभर फिरलात तर ती पावलं जमेस धरली जात नाहीत. फोन कायम खिशात नसेल तर मनगटावर काहीतरी बांधावं लागेल, किंवा आकडा कमी दिसणार हे मान्य करावं लागेल.

खरा फरक आहे तो लक्ष्यात. बहुतेक ॲप्स तुमच्यासमोर दिवसाची १०,००० पावलं ठेवतात. हा आकडा डॉक्टरांनी दिलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये 'मानपो-केई' नावाचं पावलं मोजणारं यंत्र विक्रीला आलं. या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचं मापक', आणि तो गोल आकडा तिथून जगभर पसरला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या सूचनांमध्ये प्रौढांसाठी पावलं नाहीत, मिनिटं आहेत: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाचा व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. गूगल फिटचे 'हार्ट पॉइंट्स' याच धर्तीवर आहेत. मध्यम हालचालीच्या मिनिटाला एक गुण, जोरकस मिनिटाला दोन, आठवड्याचं लक्ष्य १५०. नव्याने चालायला लागणाऱ्याला मी दहा हजारांपेक्षा हेच सुचवेन. एक अडचण आहे. इतर ॲप्सनी फिटऐवजी हेल्थ कनेक्टशी (वेगवेगळ्या ॲप्सच्या आरोग्य-नोंदी एकत्र ठेवणारी गूगलची सोय) जोडून घ्यावं असं आता गूगलच सांगतंय, आणि अँड्रॉइड १४पासून हेल्थ कनेक्ट फोनच्या यंत्रणेतच आहे. तेव्हा लक्ष्याची कल्पना फिटकडून घ्या, पण पुढच्या दहा वर्षांच्या नोंदी त्याच्या भरवशावर ठेवू नका.

धावायचं असेल तर दोन वेगळे स्वभाव समोर येतात. 'काउच टू ५के' हा नवख्याला पाच किलोमीटर धावण्यापर्यंत नेणारा नऊ आठवड्यांचा आराखडा आहे. आठवड्यात तीन दिवस, आज किती मिनिटं धावायचं आणि किती चालायचं ते तो सांगतो. स्ट्राव्हाचा भर सांगण्यावर नाही. तुम्ही गेलात तो रस्ता, तो वेग आणि त्याच रस्त्यावर इतर लोक किती वेगाने गेले ते दाखवतं. ज्याला सुरुवात करायची आहे त्याने पहिलं घ्यावं. ज्याला कोणीतरी पुढे गेल्याशिवाय पाय उचलावेसे वाटत नाहीत त्याने दुसरं. मात्र स्ट्राव्हा घेतल्याबरोबर सेटिंगमध्ये जाऊन घराभोवतीचा भाग नकाशावरून लपवा. २०१७च्या शेवटी त्यांनी सगळ्यांच्या धावण्याचा एकत्र नकाशा जाहीर केला आणि जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की त्यात निर्जन प्रदेशातले लष्करी तळही उजळून निघालेत.

आणि हो, 'आज तुम्ही इतक्या कॅलरी जाळल्या' हा आकडा. तो पक्का अंदाजाच्या जातीचा आहे. स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणं तपासली. हृदयाचे ठोके सहा उपकरणांनी पाच टक्क्यांपेक्षा कमी चुकीने सांगितले. कॅलरींत मात्र सर्वांत चांगलं उपकरण सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. 'एवढ्या जाळल्या, म्हणजे एवढं जास्त खायला हरकत नाही' हा हिशेब फसतो तो इथेच.

जेवण: सगळ्यांत कष्टाचं खातं

मायफिटनेसपाल आणि क्रोनोमीटर ही दोन नावं सारखी ऐकू येतात, आणि दोन्हींत भरायचं तुम्हालाच. फरक असा की मायफिटनेसपालचा साठा अवाढव्य आहे, कारण त्यातल्या पुष्कळ नोंदी वापरणाऱ्यांनीच केल्या आहेत. एक पदार्थ शोधला की दहा नोंदी येतात आणि दहांत दहा वेगळे आकडे. घाईत माणूस पहिली नोंद निवडतो, नाहीतर सर्वांत कमी कॅलरींची. (मी दुसऱ्या पंथातली होते.) क्रोनोमीटरचा साठा लहान, पण तपासून घेतलेल्या माहितीवर उभा. त्यात जीवनसत्त्वं आणि खनिजंही दिसतात. ज्याला लोह किंवा बी १२ कमी आहे असं सांगितलं गेलंय त्याला याचा उपयोग कॅलरींपेक्षा जास्त.

पाकिटावरचा बारकोड दाखवला की माहिती आपोआप भरली जाते, ही सोय मायफिटनेसपालने २०२२ मध्ये पैसे भरणाऱ्यांपुरती केली. पाकीटबंद खाणं जास्त असेल तर हा मुद्दा मोठा आहे. घरचं शिजवलेलं खाणाऱ्याला बारकोडचा उपयोग नाहीच. त्याला दोन्ही ॲप्समध्ये एकच वाट: कच्चं साहित्य तोलून 'रेसिपी' म्हणून भरायचं, शिजल्यावर पूर्ण भांड्याचं वजन घ्यायचं, मग आपल्या ताटात किती आलं ते लिहायचं. पहिल्या दिवशी हे वेडेपणाचं वाटतं. पण रोज तेच ते पदार्थ होत असतील तर आठवडाभरात बहुतेक रेसिपी भरून होतात आणि पुढे काम हलकं होतं.

जेवणाचा फोटो काढला की कॅलरी सांगणारी ॲप्सही आता बरीच आलीत. फोटोत ताटातलं वरचं दिसतं, आत मुरलेलं तेल दिसत नाही. एका मोठ्या चमचाभर तेलात साधारण १२० कॅलरी असतात. दोन चमचे इकडेतिकडे झाले की जेवणाचा सगळा अंदाज कोलमडतो.

वजन उतरवायचं असेल तर माझं मत: क्रोनोमीटर घ्या, दोन आठवडे प्रामाणिकपणे तोलून लिहा आणि मग थांबा. आपण जेवणात किती घेतो याची नजर त्या दोन आठवड्यांत तयार होते. त्यापुढे जवळपास त्याच ओळी पुन्हा पुन्हा भरल्या जातात. ज्यांना खाण्याबद्दलची भीती किंवा खाण्याचा आजार कधी होऊन गेलाय त्यांनी मात्र कॅलरी मोजणाऱ्या कुठल्याच ॲपकडे वळू नये. तो आकडा जुनी जखम उकरतो. त्यांनी डॉक्टरांशी बोलावं. आणि ज्यांना आकडे नकोत पण 'आपण दिवसभर काय खातो' हे पाहायचंय, त्यांनी फोनच्या कॅमेऱ्यात एक अल्बम करून प्रत्येक जेवणाचा फोटो टाकावा. त्यासाठी ॲप लागतच नाही.

झोप

स्लीप सायकलसारखं ॲप उशाशी ठेवलेल्या फोनच्या मायक्रोफोनवरून हालचालीचे आणि श्वासाचे आवाज ऐकतं. मनगटी घड्याळ हालचाल आणि नाडी पाहतं. झोपेच्या प्रयोगशाळेत डोक्याला तारा लावून मेंदूचे तरंग नोंदवतात. एवढं ध्यानात ठेवलं की 'गाढ झोप ४७ मिनिटं' या ओळीकडे किती गांभीर्याने पाहायचं ते कळतं. स्तब्ध पडून छताकडे पाहणाऱ्याला ही साधनं झोपलेला समजू शकतात. झोपेचे आकडे सुधारायच्या चिंतेनेच झोप उडालेले लोक डॉक्टरांकडे येऊ लागले, तेव्हा २०१७ मध्ये त्याला 'ऑर्थोसोम्निया' असं नावही मिळालं.

घोरण्याची तक्रार असेल तर आवाज टिपणारं ॲप जरूर घ्या. ती ध्वनिफीत डॉक्टरांना ऐकवता येते. झोपच लागत नसेल तर घड्याळाचे रंगीत आलेख सोडा. कधी पडलो, कधी उठलो हे हाताने लिहायला लावणारं 'इन्सोम्निया कोच' पाहा. ते अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठीच्या खात्याने केलंय, मोफत आहे आणि कोणालाही वापरता येतं.

ध्यान

इथे लांबण लावायचं कारण नाही. हेडस्पेस क्रमाने शिकवतं, 'काम' (Calm) हे ॲप रात्री गोष्टी सांगून झोपवतं, इनसाइट टायमरमध्ये मोफत इतकं आहे की निवडण्यातच ध्यानाची वेळ संपते. मेडिटो नफ्यासाठी नाही, सगळं मोफत देतं. मेडिटोने सुरू करा. बोट धरून नेणारं कोणी हवं असेल तर हेडस्पेस.

सलग दिवसांच्या साखळीचं ओझं मात्र घेऊ नका. सवय लागायला किती दिवस लागतात यावर लंडनमध्ये झालेला एक अभ्यास २०१० मध्ये छापून आला. कोणाला १८ दिवस, कोणाला २५४, मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकल्याने सवयीला फारसा धक्का लागला नाही. साखळी तुटली म्हणून ॲप मात्र शून्यावर आणून ठेवतं.

पाळी

इथे आकडा तुम्हीच भरता, त्यामुळे तो चांगला असतो. प्रश्न तो कोणाकडे जातो हा आहे. फ्लो सर्वांत चकचकीत आणि माहितीने भरलेलं. पण माहिती खाजगी ठेवू असं सांगून ती फेसबुक आणि गूगलच्या विश्लेषण-सेवांपर्यंत पोचवल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी (ग्राहकांचं हित पाहणारी सरकारी संस्था) त्यांना २०२१ मध्ये तडजोड करावी लागली. त्यानंतर त्यांनी नाव न देता वापरायची सोय आणली. क्लू बर्लिनचं, युरोपच्या माहिती-संरक्षण कायद्याखाली येणारं, दिसायलाही साधं. ड्रिप हे सर्वांत रुक्ष. त्याची माहिती फक्त तुमच्या फोनमध्ये राहते. याचा दुसरा अर्थ असा की बॅकअप न घेता फोन हरवला तर नोंदीही गेल्या. मी ड्रिपकडे वळले, कारण मला तारखा हव्या होत्या, लेख नव्हे.

फ्लो आणि क्लूचं 'सुपीक दिवस' दाखवणं हा मागच्या महिन्यांवरून बांधलेला अंदाज असतो. त्याला गर्भनिरोधक समजू नये. नॅचरल सायकल्स या ॲपला अमेरिकेत २०१८ मध्ये गर्भनिरोधनासाठी परवानगी मिळाली, पण त्यात शरीराचं तापमान नियमाने मोजून भरावं लागतं. तरीही नेहमीच्या वापरात ते ९३ टक्के परिणामकारक. म्हणजे वर्षभरात शंभरातल्या सातजणींना दिवस जातात.

रक्तदाब

कॅमेऱ्यावर बोट ठेवून नाडीचा आकडा बऱ्यापैकी मिळतो. रक्तदाब नाही. 'इन्स्टंट ब्लड प्रेशर' नावाचं एक ॲप खूप खपलं होतं. २०१६ मध्ये संशोधकांनी ते तपासलं, तेव्हा ज्यांचा दाब खरोखर वाढलेला होता त्यांतल्या पाचांपैकी जवळजवळ चौघांना त्याने 'ठीक आहे' सांगितलं. दंडावर पट्टा बांधणारं यंत्र घ्या आणि आलेला आकडा हाताने ॲपल हेल्थमध्ये किंवा साध्या नोट्समध्ये लिहा.

पैसे भरण्याआधी

फोनवरून ॲप काढून टाकल्याने सबस्क्रिप्शन थांबत नाही. ते ॲप स्टोअरच्या किंवा प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन वेगळं बंद करावं लागतं. मला हे कळलं तेव्हा एका झोपेच्या ॲपला मी सात महिने पैसे देत होते, आणि तोवर ते ॲप फोनमध्ये नव्हतंही. खातंही वेगळं पुसावं लागतं, नाहीतर तुमची माहिती त्यांच्याकडे तशीच राहते. २०१८ मध्ये मायफिटनेसपालच्या सुमारे १५ कोटी खात्यांचा तपशील चोरीला गेला होता. स्टोअरमध्ये 'ही माहिती गोळा केली जाते' अशी जी यादी दिसते ती ॲप बनवणाऱ्यानेच भरलेली असते, हेही लक्षात असू द्या. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी एक गोष्ट तपासा: आपल्या नोंदी फाइल म्हणून बाहेर काढता येतात का? येत नसतील तर मी ते ॲप घेत नाही.

माझ्या फोनमध्ये आता तीन उरलीत. फोनबरोबर आलेलं चालण्याचं, ड्रिप, आणि आईच्या रक्तदाबाच्या आकड्यांची एक नोट. पाण्याचं ॲप सगळ्यांत आधी गेलं. तहान लागली की मला आपलं आपण कळतं.