पेडलमध्ये नसलेली बेअरिंग बदलल्याचे माझ्याकडून १,६०० रुपये घेतले

जुलैत आम्ही चौघं पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगरला सायकलवर गेलो होतो, दोन्ही दिवस धो धो पाऊस, माणगावच्या पुढे एका ठिकाणी रस्ता खणलेला तिथे पेडल खाली आलं की सरळ लाल चिखलात बुडायचं. परत आल्यावर आठवडाभरात उजव्या पेडलमधून करकर सुरू झाली आणि जोर लावला की पायाखाली पेडल थोडं कलतंय असं वाटायला लागलं. माझी पेडलं शिमानोची पीडी-एम५२०, एसपीडीवाली, म्हणजे बुटाखालची क्लीट त्यात लॉक होते. त्यात प्ले आला, म्हणजे ते सैल होऊन हलायला लागलं, की पाय सैल होतो आणि दिवसभर चालवलं की गुडघा बोलायला लागतो, माझा बोलायला लागलाच होता.

शहरातल्या एका मोठ्या दुकानात सायकल नेली, भारीतल्या सायकली टांगलेल्या, सगळं चकाचक, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. तिथल्या मुलाने पेडल फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "सर, सील्ड बेअरिंग गेलीत, दोन्ही पेडलची मिळून चार टाकावी लागतील, ओरिजिनल टाकतो." सील्ड बेअरिंग म्हणजे छर्रे आतच बंद केलेली तयार कडी. प्रत्येकी ३०० प्रमाणे १,२०० आणि मजुरी ४००. दुसऱ्या दिवशी सायकल मिळाली, पेडल एकदम गुळगुळीत फिरत होतं, सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत चार काळी बेअरिंग, "ही तुमची जुनी, सर." पावतीवर पेनाने लिहिलेलं, सील्ड बेअरिंग ४ नग. मी पैसे दिले आणि आलो.

बाराव्या दिवशी वेताळ टेकडीवर पुन्हा तीच करकर, आता आधीपेक्षा जास्त. फोन केला तर उत्तर मिळालं की पावसात चालवता तर बेअरिंग जाणारच, त्याला वॉरंटी नसते. मला पटलं नाही पण भांडायला माझ्याकडे मुद्दाही नव्हता.

मुद्दा बाबांनी दिला. बाबा पिंपरीत टूलरूमला होते, रिटायर होऊन सहा वर्षं झाली पण वर्निअर, म्हणजे जाडी-व्यास मोजायचं साधन, अजून कपाटात पुसून ठेवलेला असतो. त्यांनी पिशवीतलं एक बेअरिंग उजेडात धरलं, कडेला कोरलेला नंबर वाचला आणि म्हणाले, "अरे हे ६०८ आहे, स्केट्समध्ये असतं ते. तुझ्या पेडलमध्ये हे जाईल कुठे?" वर्निअर लावून दाखवला, बाहेरून बरोबर २२ मिलिमीटर. मग मी पेडल काढून आणलं. क्रँकच्या, म्हणजे पेडल ज्या दांड्याला जोडलेलं असतं त्याच्या, बाजूला पेडलच्या तोंडाशी दातेवाली प्लॅस्टिकची रिंग असते, आतला अख्खा स्पिंडल (पेडल ज्याच्याभोवती फिरतं तो दांडा) बाहेर काढायचा तर आधी ती फिरवावीच लागते, दुसरा रस्ता नाही. त्या रिंगच्या प्रत्येक खाचेत लाल माती वाळून दगड झाली होती. आमच्या पुण्यातली माती काळी, ही लाल माती थेट कोकणातली, म्हणजे ट्रिपनंतर त्या रिंगला कुणी हातच लावला नव्हता! बाबा टाचणीने एकेक खाच मोकळी करत होते आणि मला इतका संताप आला होता की शब्द फुटेना.

रिंग उघडायचा शिमानोचा टूल आहे, टीएल-पीडी४०, साधा प्लॅस्टिकचा, तो मागवला. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, उजव्या पेडलच्या या रिंगला उलटे आटे असतात, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवली की सुटते, डाव्याची नेहमीसारखी. पेडल क्रँकला बसतं तिथले आटे याच्या बरोबर उलट, म्हणून गोंधळ होतो. रिंगवर घट्ट करायच्या दिशेचा बाण असतो तो बघूनच जोर लावा, नाहीतर दाते उडतील.

स्पिंडल बाहेर आला आणि सगळा खेळ समजला. या पेडलमध्ये सील्ड बेअरिंग नसतंच. सुटे छर्रे असतात, ३/३२ इंचाचे, आतल्या नळीच्या एका टोकाला १२ आणि दुसऱ्या टोकाला १२, आणि ते कोनने, म्हणजे निमुळत्या तोंडाच्या नटाने, दाबून धरलेले. म्हणजे पावतीवरची चार बेअरिंग बसायला जागाच नव्हती. ग्रीसच्या जागी काळं पातळ पाणी, त्याला स्प्रे ऑइलचा वास. बाहेरून स्प्रे मारून दिला होता, त्याने चार दिवस गुळगुळीत वाटतं पण उरलंसुरलं ग्रीसही पातळ होऊन निघून जातं, आणि मी त्याच्यावर बारा दिवस चालवत होतो.

आम्ही कोन सोडवला, त्याला १० चा पाना आणि वरच्या लॉकनटला ७ चा. सगळं डिझेलमध्ये धुतलं, छर्रे फडक्यावर मोजले तर बाहेरच्या बाजूचे दोन तुटलेले. नवे छर्रे ६० रुपयांना पाकीटभर मिळाले, ग्रीस लावून चिमट्याने एकेक बसवले. कोन जास्त आवळला तर पेडल जड फिरतं, कमी आवळला तर डुगडुगतं, ते जमेपर्यंत चार वेळा खोललं, पण जमलं. कोनवर मात्र नखाला लागतील असे खड्डे पडलेत, ते आता बुजणार नाहीत, कधीतरी पूर्ण स्पिंडल असेंब्लीच घ्यावी लागेल. वेळेवर ग्रीस भरलं असतं तर कदाचित कोन वाचला असता, याचं मला १,६०० रुपयांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

पेडल, पिशवी, पावती घेऊन दुकानात गेलो. मालकासमोर स्पिंडलच्या नळीशेजारी ६०८ ठेवलं, तो काही बोललाच नाही, मग म्हणाला पोराकडून चूक झाली. १,२०० परत दिले, मजुरी देणार नाही म्हणाला. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पावतीचा फोटो जोडून. पावतीवर नग लिहिलेले होते म्हणून निदान काहीतरी हातात आहे, त्यामुळे नुसतं "सर्व्हिसिंग" असं लिहून देत असतील तर घेऊ नका, काय टाकलं ते लिहून मागा.

आणि सील्ड बेअरिंगवाली पेडलंही असतात बरं का, सगळे खोटंच बोलतात असं नाही. क्रँकब्रदर्स कंपनीच्या पेडलमध्ये बाहेरच्या टोकाला एक सील्ड बेअरिंग आणि क्रँकच्या बाजूला बुश, म्हणजे बिनछर्ऱ्यांची साधी नळी, असतो. त्यामुळे आपल्या मॉडेलमध्ये आत नेमकं काय आहे ते दुकानात जायच्या आधी बघून जा, आणि पेडल समोर उघडायला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे.

दिवेआगरला आमच्यासोबत आलेल्या मैत्रिणीनेही त्याच दुकानातून त्याच आठवड्यात पेडलची बेअरिंग बदलून घेतली होती. काल तिला फोन करून विचारलं, तिची पेडलंही एम५२०च निघाली. रिंगचा फोटो मागवला, खाचांमध्ये लाल माती तशीच आहे. रविवारी ती पेडलं घेऊन घरी येतेय, बाबांनी डिझेल आणून ठेवलंय.