मोठ्या कुत्र्याच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा आधारपट्टा: विकतचा आणि साताऱ्यात शिवून घेतलेला

चाळीस किलोंच्या आसपास वजन असलेल्या कुत्र्याचा मागचा पाय शस्त्रक्रियेनंतर नीट टेकत नसेल, तर त्याला लघवीसाठी दिवसातून चार-पाच वेळा अंगणात कसे न्यायचे, हा प्रश्न कुत्र्याच्या गुडघ्याइतकाच घरातल्या माणसांच्या कंबरेचाही असतो. त्यासाठी बाजारात ‘स्लिंग’ किंवा ‘हार्नेस’ या नावाने आधारपट्टे मिळतात. आमच्या रॉकीच्या, म्हणजे सात वर्षांच्या लॅब्राडोरच्या, डाव्या गुडघ्यावर पुण्यात शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर आम्ही असे दोन पट्टे वापरून पाहिले. एक ऑनलाइन मागवलेला तयार हार्नेस होता आणि दुसरा साताऱ्यातच, गाड्यांची सीट कव्हरे आणि रेक्झिनच्या पिशव्या शिवणाऱ्या एका कारागिराकडून शिवून घेतलेला साधा पट्टा होता. दोहोंपैकी शेवटपर्यंत टिकला तो दुसरा.

पट्टा निवडण्याआधी शस्त्रक्रिया नेमकी काय असते हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण पट्ट्याचे काम त्यावरूनच ठरते. कुत्र्याच्या गुडघ्यातील क्रुशिएट लिगामेंट, म्हणजे मांडीचे आणि नडगीचे हाड एकमेकांना धरून ठेवणारा बंध, बहुतेक वेळा एखाद्या उडीमुळे एकाएकी तुटत नाही. ते आतून हळूहळू झिजत आलेले असते आणि उडी केवळ निमित्त ठरते. लॅब्राडोर, रॉटवायलर यांसारख्या जातींत आणि वजन वाढलेल्या कुत्र्यांत हा त्रास अधिक दिसतो. मोठ्या कुत्र्यांसाठी सध्या जी टीपीएलओ शस्त्रक्रिया सुचवली जाते, ती अमेरिकेतील पशुवैद्यक बार्क्ले स्लोकम यांनी विकसित केली आणि 1993 साली तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. तिच्यात तुटलेले लिगामेंट जोडत नाहीत. नडगीच्या हाडाचा वरचा भाग अर्धगोल कापून, तिथला उतार सुमारे 5 अंशांवर येईल एवढा फिरवून, प्लेट आणि स्क्रूंनी पक्का करतात. त्यामुळे पाय टेकताना नडगीचे हाड पुढे सरकत नाही आणि लिगामेंटची गरजच उरत नाही. परिणामी, कापलेले हाड भरून येण्याच्या कितीतरी आधी कुत्र्याला बरे वाटू लागते. हाड जुळायला साधारण 8 आठवडे लागतात, पण कुत्रा त्याच्या आधीच गेटकडे धाव घेऊ पाहतो. म्हणून आधारपट्टा सुरुवातीला कुत्र्याला सावरण्यासाठी आणि नंतर आवरण्यासाठी लागतो; त्याचे वजन उचलण्यासाठी तो फारसा लागत नाही. विकतच्या पट्ट्यांच्या जाहिरातींत मात्र ‘उचलण्या’वरच सगळा भर असतो.

ऑनलाइन मागवलेल्या हार्नेसमध्ये दोन्ही मागचे पाय घालायची कडी होती आणि वर एक आखूड मूठ होती. छायाचित्रात तो भक्कम दिसतो आणि कापड खरोखरच भक्कम आहे. अडचण अशी, की टीपीएलओची जखम पायाच्या आतल्या बाजूला असते आणि मांडीत बसणाऱ्या कडीची कडा चालताना सरकत खाली त्याच बाजूला येते. टाके काढेपर्यंतचे 10 ते 14 दिवस, म्हणजे आधाराची सर्वाधिक गरज असतानाच, तो आम्हाला घालता येत नव्हता. शिवाय प्रत्येक वेळी दुखरा पाय उचलून कडीतून ओवावा लागे आणि ते करू देण्याची रॉकीची तयारी नव्हती, हे त्याने गुरगुरून स्पष्ट केले. व्हेल्क्रोमध्ये लॅब्राडोरचे केस दोन-तीन दिवसांतच भरतात आणि मग त्याची पकड सुटते. आखूड मुठीमुळे धरणाऱ्याला वाकून चालावे लागते. कंबरेतून अधू झालेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला कायमचा आधार द्यायचा असेल, तर हा प्रकार उपयोगी पडेल असे मला वाटते; गुडघ्याच्या ताज्या शस्त्रक्रियेनंतर मी तो सुचवणार नाही.

शिवून घेतलेला पट्टा अगदी साधा आहे. जाड कॅनव्हासचा, वीतभराहून थोडा अधिक रुंद असा तुकडा, आतून मऊ फ्लीसचे अस्तर, आणि दोन्ही टोकांना बॅगेला असतात तसे नायलॉनचे लांब बंद, ज्यांची लांबी बकलने कमी-जास्त करता येते. तो पोटाखालून, मागच्या पायांच्या लगेच पुढे सरकवायचा आणि दोन्ही बंद पाठीवर एकत्र धरायचे. पाय कशातूनही ओवावा लागत नाही. नर कुत्र्यासाठी एक सुधारणा आवश्यक ठरली: पट्ट्याच्या मागच्या कडेला मधोमध खाच ठेवावी लागते, नाहीतर पट्टा नेमका लघवीच्या जागी दाबला जातो आणि कुत्रा बाहेर येऊन नुसता उभा राहतो. कारागिराने ही अडचण ऐकल्यावर काहीही न विचारता खडूने अर्धवर्तुळ आखले आणि कडेला दुहेरी पट्टी मारून दिली. अस्तर कडेवरून बाहेर दुमडून शिवल्यामुळे शिवण कातडीला लागत नाही, ही बारीक गोष्ट त्याने आपणहून केली. उणीव सांगायची तर कॅनव्हास ओला झाला की पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि साताऱ्याच्या पावसात अंगणात नेलेला पट्टा कोरडा परत येत नाही. त्यामुळे दोन पट्टे शिवून घेणे शहाणपणाचे आहे. तयार हार्नेस दोन हजारांच्या घरात होता. त्याच्या निम्म्या किमतीत हे दोन्ही पट्टे झाले.

धरण्याच्या पद्धतीवर पट्ट्याचे यश अवलंबून आहे. बंद हातात हवेत, पण त्यांवर ओढ नको; कुत्रा घसरला किंवा तोल गेला तरच ते ताणले जावेत. मागचा भाग उचलून धरला तर पोटावर आणि मूत्राशयावर दाब येतो, पाठ वाकते, आणि मुख्य म्हणजे कुत्रा दुखरा पाय टेकायला शिकतच नाही. आमच्या वडिलांना हे पटायला वेळ लागला, कारण प्रेमापोटी ते त्याला जवळजवळ अधांतरी नेत असत. पुढच्या बाजूला दुसऱ्या माणसाने आखूड दोरी धरलेली असावी, कारण एकट्या पट्ट्याने कुत्र्याचा वेग आवरत नाही. पट्टा सर्वाधिक उपयोगी पडला तो गाडीतून उतरवताना: पुण्याहून येताना खंबाटकी घाटाची वळणे घेऊन आल्यावर भुलीच्या गुंगीत असलेल्या कुत्र्याला एकाने छातीखाली हात घालून आणि दुसऱ्याने पट्ट्याने धरून खाली घेणे, हे त्याच्याविना कठीण गेले असते.

घरातल्या गुळगुळीत फरशीपुढे मात्र कोणताही पट्टा अपुरा आहे. स्वयंपाकघर ते दार एवढ्या वाटेवर आम्ही मागच्या बाजूला रबर असलेल्या चटया अंथरल्या, पंज्यांच्या गाद्यांमधले केस कापले आणि जिन्याच्या तोंडाशी खाट आडवी लावली. शेजारच्या काकूंनी निर्गुडीच्या तेलाची मालिश सुचवली होती; ताज्या जखमेवर तेलही नको आणि शेकही नको. पहिले दोन-तीन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ 10-15 मिनिटे लावायचा असतो. वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी कुत्र्यासाठी लिहून दिलेलीच द्यावी. घरात पडलेली आयब्युप्रोफेन कुत्र्याला घातक ठरू शकते. वजन वाढू नये म्हणून आईने रॉकीचा भाकरीचा तुकडा बंद केला, ही या सगळ्यातली सर्वांत अवघड शस्त्रक्रिया होती.

एका गुडघ्याचे लिगामेंट गेलेल्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांचा, अंदाजे निम्म्यांचा, दुसरा गुडघाही पुढे त्याच वाटेने जातो, त्यामुळे काम संपले म्हणून पट्टा कोणाला देऊन टाकू नये. धुऊन, पूर्ण वाळवून ठेवावा. शिवायला टाकताना तीन मापे न्यावीत: मागच्या पायांच्या लगेच पुढे पोटाचा घेर, तिथून शेवटच्या बरगडीपर्यंतचे अंतर, आणि कुत्रा उभा असताना त्याच्या पाठीपासून धरणाऱ्याच्या सरळ सोडलेल्या हाताच्या मुठीपर्यंतची उंची. हे तिसरे माप घरातल्या सर्वांत उंच माणसाचे घ्यावे. बकलने बंद आखूड करता येतो, शिवलेल्या लांबीपेक्षा लांब करता येत नाही.