पॅट्रिशिया हायस्मिथ यांचे ‘प्लॉटिंग अँड रायटिंग सस्पेन्स फिक्शन’: उत्कंठेच्या कारागिरीचे पुस्तक

खून कोणी केला हे सुरुवातीलाच ठाऊक असूनही एखादी कादंबरी हातातून सुटत नाही, असे का होते, हा प्रश्न ज्याला पडला आहे आणि ज्याला स्वतःला तशी कादंबरी लिहायची आहे, त्याने १९६६ साली प्रसिद्ध झालेले हे छोटेखानी इंग्रजी पुस्तक अवश्य वाचावे. यशस्वी पुस्तक कसे लिहावे हे समजावून सांगता येत नाही, असे या अमेरिकन कादंबरीकार, हायस्मिथ, प्रास्ताविकातच स्पष्ट करतात आणि नियमांऐवजी स्वतःच्या कामाचा हिशेब मांडतात.

बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडवर पोसलेल्या वाचकाला येथे एक मोठा बदल जाणवेल. हायस्मिथ यांच्या कथांचा कणा शोध घेणारा नसून गुन्हा करणारा असतो. ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’ची (१९५०) मूळ कल्पना एका वाक्यात मावते: दोन अनोळखी माणसांनी एकमेकांच्या नकोशा माणसाचा काटा काढायचा, म्हणजे पोलिसांना हेतूचा धागाच सापडणार नाही. पण एकाने हा करार खरा धरला आणि दुसऱ्याने तो कधी केलाच नव्हता, या विसंगतीतून सगळा ताण निर्माण होतो. कल्पनेला माणसे मिळाली की तिची कथा होते, हे मला या पुस्तकाचे सर्वांत मोलाचे शिक्षण वाटते.

‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ले’ या त्यांच्या कादंबरीच्या लेखनाविषयीचा मजकूर तर पुन्हापुन्हा वाचावा असा आहे. लेखिका त्या काळात निवांत होत्या, तोच निवांतपणा गद्यात उतरला, आणि हे ध्यानात येताच त्यांनी लिहून झालेली पाने टाकून दिली. नायक रिप्ले सतत अस्वस्थ असल्यामुळे स्वतःही खुर्चीच्या कडेवर बसल्यासारखे त्यांनी नव्याने लिहिले. वाक्याची लय पात्राच्या नाडीशी जुळली पाहिजे, ही गोष्ट इतक्या प्रत्यक्षपणे मी अन्यत्र वाचलेली नाही.

‘द ग्लास सेल’ या कादंबरीच्या जडणघडणीला एक संपूर्ण प्रकरण दिले आहे. तुरुंगातील एका वाचकाचे पत्र, निरपराध असून शिक्षा भोगणारा अभियंता, कोठडीतील छळानंतर त्याला जडलेले मॉर्फिनचे व्यसन, प्रकाशकाचा नकार आणि त्यानंतरचे पुनर्लेखन, असा सगळा प्रवास त्यात येतो. कथा कुठे अडली आणि ती का सुटेना, हे नामवंत लेखक सहसा उघड करत नाहीत. हायस्मिथ ते संकोच न करता सांगतात.

उणिवा आहेतच. सुगावे कसे पेरावेत, संशयाची सुई भलत्याकडे कशी वळवावी, अखेरच्या उलगड्यापर्यंत वाचकाला न्याय्य रीतीने कसे झुलवावे, यांबाबत येथे फारसे काही हाती लागत नाही, कारण कोडे रचण्यात लेखिकेला रस नाही. मासिके आणि प्रकाशन व्यवहाराविषयीचा सल्लाही आता जुना झाला आहे. तो भाग चाळला तरी पुरे.

शक्य झाल्यास आधी ‘द ग्लास सेल’ वाचून मगच ते प्रकरण उघडावे, कारण त्यात कथानकाचा उलगडा होतो आणि कादंबरी डोळ्यांसमोर असली की प्रत्येक फेरफाराचे कारण नेमके कळते.