एक गाळप हंगाम जीएलपीआयवर: साखर कारखान्याच्या हेल्पडेस्कचा अनुभव

सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा आयटी विभाग आम्ही तिघं सांभाळतो. गाळप सुरू व्हायच्या आधी जीएलपीआय हे तक्रारी आणि काँप्युटरांची नोंद ठेवणारं हेल्पडेस्क सॉफ्टवेअर बसवलं, आता हंगाम उलटल्यावर लिहितोय. त्याआधी तक्रारींची नोंद म्हणजे व्हॉट्सअॅप ग्रुप आणि टेबलावरची वही.

जीएलपीआय मूळचं फ्रान्सचं, मुक्त स्रोत. लायसन्सचा खर्च नाही. लिनक्स, पीएचपी आणि मारियाडीबी असली की जुन्या सर्व्हरवरही चालतं. बसवताना एक गोष्ट मात्र बघाच. ऑटोमॅटिक अॅक्शन्स (मेल ओढण्यासारखी आपोआप व्हायची कामं) ‘जीएलपीआय’ मोडवर राहिल्या तर कुणी पान उघडलं तरच हलतात, म्हणजे रात्रपाळीचा मेल सकाळपर्यंत तिकीट (म्हणजे नोंदलेली तक्रार) होत नाही. क्रॉन (लिनक्सचं ठरल्या वेळी कामं चालवणारं साधन) लावून सीएलआय मोड घ्या, म्हणजे पान न उघडताही ती होतात.

पैसे वसूल झाले ते वजनकाट्यावर (पैसे दिले नव्हते, पण तरी!). “सायब, वजन दिसंना” हा फोन हंगामात ठरलेला. बाहेर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, ड्रायव्हरांची आरडाओरड. आमच्यातला एक पळत जायचा, केबल काढून घालायचा, काँप्युटर रिस्टार्ट करायचा, वजन यायचं, विषय संपायचा. वहीत शेरा एकच: ‘चालू करून दिले’. जीएलपीआयमध्ये प्रत्येक वेळचं तिकीट ‘प्रॉब्लेम’ नावाच्या एका नोंदीला जोडता येतं. तशी जोडत गेल्यावर दिसलं की बहुतेक तक्रारी केबिनची झाडलोट झाल्यावरच्या आहेत. काट्याचा इंडिकेटर सिरियल केबलवरून काँप्युटरशी बोलतो आणि मध्ये स्वस्तातला यूएसबी कन्व्हर्टर. झाडताना निघालेला कन्व्हर्टर दुसऱ्या सॉकेटात घातला की विंडोज त्याला नवा कॉम पोर्ट (जोडणीचा नंबर) देतं, काट्याचं सॉफ्टवेअर मात्र जुन्याच नंबरवर वाट बघत बसतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नंबर पक्का केला, सॉकेटभोवती लाल टेप मारली. काट्याचे फोन जवळपास बंद झाले.

तातडी ठरवायचा अधिकार तक्रारदाराला देऊ नका. आमच्याकडं हेड ऑफिसचा प्रिंटरसुद्धा ‘अतितातडीचा’ असायचा. तक्रारीच्या टेम्प्लेटमधून तो रकानाच लपवला. आता परिणाम बघून आम्ही ठरवतो. काटा सगळ्यात वर, त्याखाली ऊसबिलाची मशिनं. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. हा हिशेब दाखवल्यावर चेअरमनसाहेबांच्या केबिनमधूनही कुणी वाद घातला नाही.

एसएलएची (तक्रार किती वेळात सुटली पाहिजे त्या मुदतीची) दोन कॅलेंडरं केलीत, हंगामाचं तीन पाळ्यांचं आणि बिगरहंगामाचं ऑफिसच्या वेळेचं. एक मेख आहे. तिकीट ‘पेंडिंग’ केलं की घड्याळ थांबतं, आणि अंगावर आलेलं काम पेंडिंगमध्ये ढकलून द्यायचा मोह कुणालाही होतो. पेंडिंगचं कारण निवडायची सोय आहे, ती सक्तीचीच समजा. ‘व्हेंडरची वाट’ लिहिलं तर व्हेंडरला फोन कधी केला तेही फॉलोअपमध्ये (तिकिटाखालच्या नोंदीत) दिसलं पाहिजे. दर सोमवारी मी फक्त पेंडिंगची यादी बघतो, बंद झालेल्या तिकिटांच्या आकड्यावर माझा विश्वास नाही.

व्हॉट्सअॅप यात थेट जोडलेलं नाही, त्यामुळं लोकांच्या सवयींना मुरड घालावी लागेल असं वाटलं होतं. पण गट ऑफिसातल्या अण्णांना लॉगिन करायला लावणं हा हट्ट आम्ही सोडून दिला. ते बोलून सांगतात, डेस्कवरचा माणूस त्यांच्या नावानं तिकीट टाकतो. मजकूर मराठीत, त्यांच्याच शब्दांत. पुढं शोधायला तेच शब्द उपयोगी पडतात.

इन्व्हेंटरी एजंट (प्रत्येक काँप्युटरवर बसून त्याची माहिती पाठवणारा छोटा प्रोग्रॅम) मस्त. कुठल्या मशिनवर किती रॅम, कुठली विंडोज, सगळं आपोआप. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा बदलायच्या मशिनांची यादी लगेच निघाली. खरेदी समितीनं त्यातली निम्मीच मंजूर केली, ती गोष्ट वेगळी.

समाधान सर्व्हे बंद केलाय. रात्री काट्यावर घाम गाळून आलेला माणूस तारे देत बसत नाही, आणि देणारे असतात ते फक्त चिडलेले. दहाबारा काँप्युटरांच्या पतसंस्थेला एवढा पसारा नको. पाच-सहा गट ऑफिसं, काटे, गोडाऊन असा व्याप असेल तर घ्या, पण बसवायचं ते बिगरहंगामातच.