टॉवर लाईन शेतातून चाललीय: ठरल्या रेटवर सही करावी का जिल्हा कोर्टात जावं?

कळंबला ४००/२२० केव्हीचं सबस्टेशन झालं, वरोऱ्याहून परळी अन् परळीहून सोलापूर ७६५ केव्हीच्या लाईनी गेल्या, त्यात बीड-धाराशिवमधी पवनचक्की अन् सोलरवाल्या कंपन्यांच्या लाईनी वेगळ्याच. त्यामुळं पारावर एकच विषय, कंपनीचा माणूस मोबदल्याचा बॉण्ड (संमतीचा कागद) घेऊन आलाय, सही करू का थांबू?

आधी एक गोष्ट बघा, लाईन कलम १६४ ची हाय का नाही. इलेक्ट्रिसिटी ॲक्ट २००३ च्या ह्या कलमाखाली सरकारनं कंपनीला टेलिग्राफ कायद्याचे अधिकार दिले असतील तर तुमची संमती लागतच नाही. हा टेलिग्राफ कायदा १८८५ चा, इंग्रजांनी तारेच्या खांबासाठी केलेला. २०२३ ला नवीन टेलिकॉम कायदा आला तरी टॉवर लाईनीपुरता जुनाच चालू ठेवलाय, काय बोलावं. अशा लाईनीला आडवं पडलात तर कलेक्टरची ऑर्डर येती अन् बंदोबस्तात काम होतं. १६४ नसलं तर मात्र २००६ च्या नियमानं मालकाची संमती लागती, नाहीतर कलेक्टरची परवानगी. म्हणजे तिथं वायर ओढायच्या आधी तुमच्या हातात खरी ताकद हाय, घाई करूच नका. कंपनीवाले तोंडी सांगतेत "आमच्याकडं सगळं हाय", त्यावर जायचं नाही, ऑर्डरची कॉपी मागायची.

आता पैसा. केंद्राच्या २०१५ च्या गाईडलाईनमधी टॉवरच्या पायाखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के अन् वायरखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के होतं. जून २०२४ ला ते २०० अन् ३० टक्के केलं. पण जमीन हा राज्याचा विषय, त्यामुळं राज्याच्या जीआरमधी काय हाय तेच तुम्हाला मिळणार. नोटिशीतला रेट कोणत्या तारखेच्या जीआरचा हाय हे प्रांत ऑफिसात लेखी विचारा.

सगळेजण टॉवरच्या रेटवर भांडायलेत, अन् मला वाटतं तिथंच गफलत होती. समजा ४०० केव्हीची लाईन तुमच्या रानातून २०० मीटर चाललीय अन् एकराचा भाव १० लाख धरला. टॉवरखाली जाती दोनेक गुंठे, म्हणजे ५० हजाराची जमीन, ८५ टक्क्यानं ४२,५००, दुपटीनं १ लाख. पण ४०० केव्हीला पट्टा ४६ मीटर रुंद धरतेत, २०० मीटरला ते जवळपास ९१ गुंठे झाले, साधारण पावणेतेवीस लाखाची जमीन! १५ टक्क्यानं ३ लाख ४० हजार अन् ३० टक्क्यानं ६ लाख ८० हजार. टॉवर शेजाऱ्याच्या रानात गेला म्हणून खूश होणाऱ्यानं हे गणित एकदा करावं. २२० केव्हीला पट्टा ३५ मीटर, ७६५ डबल सर्किटला (एकाच टॉवरवर दोन लाईनी) ६७. कंपनीच्या कागदावर पट्ट्याचं क्षेत्र किती लिहिलंय ते टेप लावून तपासा.

मग सही का कोर्ट? कोरडवाहू रान असंल, सोयाबीन-तूर-कापूस घेत असाल, तर वायरखाली पीक येतच राहतं, सातबारा तुमच्याच नावावर राहतो, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो. अशा वेळी रेट नव्या दराचा अन् मोजणी बरोबर असंल तर सही करून मोकळं व्हावं, कोर्टात वर्षं जातेत अन् वकिलाची फी वेगळी.

मोसंबीची बाग, केशर आंबा किंवा गावाला लागून प्लॉटिंग होणारी जमीन असंल तर हिशोबच वेगळा. पट्ट्यात उंच झाड ठेवता येत नाही, घर बांधता येत नाही, अन् ३० टक्क्यात हे भरून निघत नाही. इथं जिल्हा कोर्ट. टेलिग्राफ कायद्याच्या कलम १६(३) नं मोबदला कमी वाटला तर जिल्हा न्यायाधीशाकडं अर्ज करता येतो. २००७ ला सुप्रीम कोर्टानं केरळच्या केसमधी सांगितलंय की एकच फॉर्म्युला सगळ्यांना लावायचा नाही, जमीन कुठं हाय, वायर कशी गेलीय, कितपत वापर अडला हे बघून ठरवायचं. पण जिल्हा न्यायाधीशाचा निकाल कायद्यानं अंतिम, साधं अपील नाही, वर जायचं तर हायकोर्टात रिट. म्हणून पहिल्याच टप्प्याला झाडांचा पंचनामा, फोटो अन् जवळच्या खरेदीखतांच्या नकला पक्क्या पाहिजेत.

कोर्टात जायचं असलं तरी चेक नाकारायची गरज नाही, "हरकत राखून स्वीकारला" असं लिहून घ्यायचा. बॉण्डवर "पूर्ण व अंतिम मोबदला मिळाला" ही ओळ असंल तर ती खोडायला लावा. अन् पिकाचं नुकसान जमिनीच्या पैशात घालू देऊ नका, फाउंडेशन, टॉवर उभारणी अन् वायर ओढणी अशा तीन वेळा रान तुडवलं जातं, तिन्ही वेळेला पंचनामा वेगळा मागायचा.