हौद्याच्या बाजूने पाहताना: काही कॉन्सेप्ट पिकअपचे परीक्षण

१५ ऑगस्ट २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे महिंद्राने ‘ग्लोबल पिकअप’ ही संकल्पना-गाडी जगासमोर ठेवली, तेव्हापासून मी तिची छायाचित्रे अनेकदा पाहिली आहेत. बहुतेक छायाचित्रे समोरून किंवा समोरच्या कोपऱ्यातून घेतलेली आहेत. उंच बॉनेट, रुंद जाळी, चाकांवरच्या फुगीर कमानी, टपावरील दिवे, श्वासनळीसारखा वर गेलेला स्नॉर्केल हे सारे डोळ्यांत भरते आणि गाडी खरोखर देखणी आहे हे मी मोकळेपणाने मान्य करतो. परंतु माझे बालपण निफाड तालुक्यातील द्राक्षबागेच्या बांधावर गेले असल्यामुळे पिकअप म्हटले की माझी नजर प्रथम मागे, हौद्याकडे जाते. तो किती लांब आहे, फाळका किती उंचीवर उघडतो, बाजूने हात घातला तर मधल्या क्रेटपर्यंत पोहोचतो की नाही, हे प्रश्न आमच्या घरी गाडी घेताना रंगाच्याही आधी विचारले जात. या परीक्षणात मी गेल्या काही वर्षांतील निवडक कॉन्सेप्ट पिकअपकडे त्याच नजरेने पाहिले आहे.

ग्लोबल पिकअप स्कॉर्पिओ-एन या एसयूव्हीच्या शिडीसारख्या चॅसिसवर बेतलेली असून तिचे बाह्यरूप महिंद्राच्या मुंबईतील डिझाइन स्टुडिओत घडले आहे. डिझेल इंजिन, सहा गिअरची स्वयंचलित पेटी, चारही चाकांना जोर देणारी यंत्रणा, त्याचबरोबर चिखल, वाळू, खडी यांसाठी निरनिराळे ड्राइव्ह मोड अशी तिची मांडणी जाहीर झाली आहे. ती केपटाऊनमध्ये दाखवण्यामागे अर्थ आहे. दक्षिण आफ्रिकेत पिकअपला ‘बकी’ म्हणतात, तिथे ती शेतकऱ्याची, ठेकेदाराची आणि सुट्टीत कुटुंबाचीही गाडी असते, आणि महिंद्राच्या पिकअपची जुळणी २०१८ पासून डर्बन येथे होते आहे. मातीचे लांब रस्ते, मागे जोडलेला ट्रेलर, मध्ये कोरडी नदीपात्रे अशा प्रदेशात उंच बॉनेट आणि भक्कम बंपर यांना काम असते, आणि ट्रेलर डोलू लागल्यास त्याला सावरणारी सोय ही तिथल्या खरेदीदाराला निश्चितच हवीशी वाटेल. त्या भूमीपुरते पाहिले तर गाडीचे रूप आणि तिचे काम यांचा मेळ बऱ्यापैकी जमला आहे.

मेळ बिघडतो तो केबिनच्या मागे. चार दारांच्या, दुहेरी केबिनच्या मध्यम आकाराच्या पिकअपमध्ये हौद्याच्या वाट्याला साधारण दीड मीटर लांबी येते आणि ही गाडीही त्याच कुळातली आहे. टोमॅटोचा नेहमीचा प्लास्टिकचा क्रेट पावणेदोन फुटांच्या आसपास लांब असतो. चाकांच्या कमानींनी आत घेतलेली जागा वजा केली तर माझ्या हिशेबाने अशा हौद्याच्या तळाशी एका थरात आठ-नऊ क्रेटच नीट बसतात. याच कंपनीच्या बोलेरो मॅक्स पिकअपमध्ये हौद्याची लांबी ३,०५० मिलिमीटरपर्यंत म्हणजे दहा फूट मिळते आणि वाहनक्षमता २ टनांपर्यंत जाते. तिथे एका थरात वीसहून अधिक क्रेट मावतात. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात पहाटे लागणाऱ्या रांगेत ही दुसरी गाडीच का दिसते, हे या मोजणीवरून समजावे.

लांबीइतकाच महत्त्वाचा प्रश्न भार कुठे पडतो हा आहे, आणि डिझाइनविषयीच्या चर्चेत तो सहसा येत नाही. दुहेरी केबिनमुळे हौदा मागे ढकलला जातो, त्याचा मोठा भाग मागच्या आसाच्या (अ‍ॅक्सलच्या) वर आणि त्याही मागे येतो. तिथे खताच्या गोण्या रचल्या की आसाच्या मागचे वजन तरफेप्रमाणे गाडीचे नाक वर उचलू लागते, पुढच्या चाकांवरचा दाब कमी होतो आणि घाटातल्या वळणावर स्टीअरिंग हलके लागते. एकेरी केबिनच्या गाडीत हौदा पुढे सरकत असल्याने हाच भार दोन्ही आसांच्या मध्ये राहतो आणि गाडी जमिनीला धरून चालते. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) कितीही जाड बसवले तरी भाराची जागा चुकलेली असेल तर ती चूक पाट्यांनी भरून निघत नाही. म्हणून मागच्या चाकाचे केंद्र हौद्याच्या मध्याच्या किती पुढे किंवा मागे आहे, हे मी कोणत्याही कॉन्सेप्टच्या बाजूच्या चित्रात आधी पाहतो.

या कसोटीवर टोयोटाची ‘ईपीयू’ मला लक्षणीय वाटली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये टोकियोतील जपान मोबिलिटी शोमध्ये दाखवलेली ही विजेवरची पिकअप ५,०७० मिलिमीटर लांब असून तिच्या दोन आसांमधील अंतर ३,३५० मिलिमीटर आहे. बॅटरीसाठी ठेवलेल्या या अंतराचा आनुषंगिक लाभ असा की मागचे चाक बरेच मागे जाते आणि हौद्याचा अधिक भाग आसाच्या पुढे येतो. नितळ पत्रा, मोजक्या रेषा, कुठेही उगाच चढवलेले प्लास्टिक नाही. रूपाच्या बाबतीत या लेखातील सर्व गाड्यांत मला ती सर्वांत शांत वाटते. मात्र आसांमधील अंतर वाढले की गाडी वळायला अधिक जागा मागते आणि बांध ओलांडताना मध्यभागी टेकण्याची भीती वाढते. वाडीतल्या अरुंद बोळांत आणि दोन बागांमधल्या गाडीवाटेवर हे दोष रोज जाणवतील.

ईपीयूची आणखी एक कल्पना म्हणजे केबिनची मागची भिंत उघडून लांब सामान आतपर्यंत घेता येणे. व्हिएतनामच्या व्हिनफास्टने जानेवारी २०२४ मध्ये लास व्हेगास येथे दाखवलेल्या ‘व्हीएफ वाइल्ड’मध्ये हीच युक्ती पुढे नेली आहे: मागची आसने आपोआप दुमडतात आणि पाच फुटांचा हौदा आठ फुटांचा होतो. शिडी, पाइप, फर्निचर वाहणाऱ्या शहरी माणसाला ही सोय मोलाची वाटेल. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र मला तिच्याबद्दल गंभीर शंका आहे. कांदा भरताना उडणारी पापुद्र्यांची धूळ आसनांवर बसणे हा त्रास एक वेळ सोसता येईल. पण त्याच हौद्यात फवारणीच्या औषधांचे कॅन आणि वापरलेला पंप असतो, आणि त्या वासाची हवा जिथे मुले बसतात त्या जागेत मिसळता कामा नये. हौदा आणि माणसे यांच्यामधली पक्की भिंत हा पिकअपचा सर्वांत जुना गुण आहे, आणि ती हलवायची असेल तर दाराइतकाच घट्ट बंद होणारा पडदा देणे डिझाइनरांचे कर्तव्य आहे.

बाजूची भिंत हाही असाच दुर्लक्षित विषय. टेस्लाने नोव्हेंबर २०१९ मध्ये दाखवलेल्या सायबरट्रकची टपापासून शेपटीपर्यंत उतरत जाणारी सरळ रेषा जगभर गाजली, पण त्याच रेषेमुळे हौद्याच्या बाजूच्या भिंती केबिनजवळ इतक्या उंच होतात की बाजूला उभे राहून आतले सामान उचलणे जिकिरीचे होते. आमच्याकडे क्रेट भरताना एक जण हौद्यात, दोघे खाली दोन्ही बाजूंना, अशी साखळी असते. ज्या गाडीत फक्त मागूनच भरता येते, तिथे ही साखळी तुटते आणि अर्ध्या तासाचे काम तासावर जाते. तिन्ही बाजूंचे फाळके खाली पडणारा सपाट हौदा ऑस्ट्रेलियातील आणि दक्षिण आफ्रिकेतील शेतकरीही आवर्जून घेतात, त्यामागे हेच कारण आहे.

म्हणूनच माझ्या मते या काळातील सर्वांत विचारपूर्वक घडवलेली कॉन्सेप्ट पिकअप म्हणजे टोयोटाची ‘आयएमव्ही झीरो’. कंपनीच्या थायलंडमधील वाटचालीला साठ वर्षे झाल्यानिमित्त १४ डिसेंबर २०२२ रोजी बँकॉकमध्ये ती दाखवली गेली. एकेरी केबिन, मागे सपाट हौदा, पुढे रंग न दिलेले काळे बंपर, जवळजवळ उभी काच आणि काटकोनात वळलेला पत्रा एवढेच तिचे रूप. काहींना ती अपुरी वाटली. मला मात्र तिच्यात एक प्रामाणिक सौंदर्य दिसते, कारण बंपर घासला तर जीव हळहळणार नाही आणि पत्रा ठोकून सरळ करणे गावातल्या कारागिरालाही जमेल, असे ते रूप आहे. हौद्याच्या तळाला आधीच नटबोल्टसाठी भोके ठेवली आहेत, जेणेकरून घेणाऱ्याने त्यावर आपल्या गरजेचा सांगाडा बसवावा: कोणी खाद्यपदार्थांची गाडी करील, कोणी दुधाची, कोणी रुग्णवाहिका. आपल्याकडे चॅसिस घेऊन हौदा बॉडी बिल्डरकडून बांधून घेण्याची रीत मुरलेली आहे. रस्त्याकडेच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये लोखंडी अँगल वेल्ड करून, वर ताडपत्रीसाठी कमानी बसवून, माथ्यावरच्या पाटीवर कुलदैवताचे नाव रंगवून जी गाडी बाहेर पडते, ती कारखान्याची आणि मालकाची अशी दोघांची असते. आयएमव्ही झीरोने त्या कारागिराला डिझाइनच्या आराखड्यातच जागा दिली, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

ही कल्पना कागदावर राहिली नाही, हे तर अधिकच महत्त्वाचे. २७ नोव्हेंबर २०२३ रोजी तीच गाडी ‘हायलक्स चॅम्प’ या नावाने थायलंडमध्ये विक्रीला आली, किंमत ४,५९,००० बाथपासून सुरू झाली, एक टनाच्या आसपास भार वाहण्याची क्षमता आणि पेट्रोल व डिझेल अशी दोन्ही इंजिने मिळाली. मूळ कॉन्सेप्ट आणि विक्रीची गाडी शेजारी ठेवल्या तर फरक फार थोडा दिसतो. मोठी चाके, बारीक आरसे, अवास्तव टायर अशी सजावट सुरुवातीलाच टाळली असल्यामुळे पुढे काही कापावे लागले नाही.

आता महिंद्राच्या ताज्या कल्पनेकडे येतो. १५ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबईत कंपनीने एनयू-आयक्यू या नव्या प्लॅटफॉर्मवरील चार ‘व्हिजन’ गाड्या दाखवल्या, त्यांतील ‘व्हिजन एसएक्सटी’ ही पिकअपच्या वळणाची आहे. या प्लॅटफॉर्मच्या गाड्या चाकण येथे तयार होणार असल्याने महाराष्ट्रातील वाचकाला तिच्याबद्दल आपुलकी वाटणे स्वाभाविक आहे, आणि मलाही ती वाटते. आखूड देह, ताठ नाक, फुगीर कमानी यांमुळे ती पाहताक्षणी आवडते, आणि तिच्या आकारामुळे ती गावच्या गल्लीत सहज फिरेल. पण तिच्या छोट्याशा हौद्यात दोन जादा चाके ठेवलेली आहेत आणि त्यानंतर उरणाऱ्या जागेत एक-दोन पिशव्यांपलीकडे काय ठेवायचे, हा प्रश्न मला पडतो. जादा चाक चॅसिसखाली किंवा केबिनच्या पाठीला उभे लावता आले असते. सह्याद्रीत तंबू घेऊन भटकणाऱ्या जोडप्याला ती शोभेल. तिला कामाची गाडी म्हणून पाहणे मात्र तिच्यावरही अन्यायाचे ठरेल.

इथे पुण्यातल्या एका जुन्या गाडीची आठवण होते. टेल्कोने (म्हणजे पुढच्या टाटा मोटर्सने) १९८८ मध्ये आणलेली टाटामोबाइल ही आधी पिकअप होती, आणि तिच्याच पायावर पुढे सिएरा आणि इस्टेट या प्रवासी गाड्या उभ्या राहिल्या. भार पेलण्यासाठी बांधलेल्या सांगाड्यावर नंतर आराम चढवला गेला. आजची वाट उलटी आहे: आरामाची एसयूव्ही आधी बनते, मग तिची पाठ कापून हौदा लावला जातो, आणि त्यामुळे उरेल तेवढीच जागा हौद्याला मिळते. ग्लोबल पिकअपचे बहुतेक दोष याच क्रमातून आले आहेत, तिच्या डिझाइनरांच्या कौशल्यात उणीव असल्यामुळे नव्हेत.

यावर उपायही महिंद्राच्याच हाताशी आहे. दक्षिण आफ्रिकेत कंपनीची सध्याची पिकअप एकेरी आणि दुहेरी अशा दोन्ही केबिनमध्ये विकली जाते, तेव्हा ग्लोबल पिकअपलाही एकेरी केबिन, अडीच मीटरचा सपाट हौदा आणि तिन्ही बाजूंचे पडते फाळके द्यावेत. पुढचा चेहरा आहे तसाच ठेवावा, टपावरचे दिवेही राहू द्यावेत; पहाटे चार वाजता बागेतून माल काढताना त्यांचा उजेड हौद्याकडे वळवता आला तर ते दिवे रोज लावले जातील.