‘वन-हँड’ व्हीलचेअरच्या नावाखाली २६,८१४ रुपयांची टोपी

आधी आकडा लिहून टाकतो, कारण घरात अजून ‘पंधरा-सोळा गेले’ एवढंच सांगितलंय. २६,८१४ रुपये. खुर्ची ८,५००, ‘वन-हँड किट’ १२,०००, ‘हेमी सीट’ १,८००, १८ टक्के जीएसटी ४,०१४, टेम्पो ५००. व्हीलचेअरला जीएसटी ५ टक्के असतो. बिलावर १८ दिसले तिथेच दुकानातून बाहेर पडायला हवं होतं.

वडिलांच्या डाव्या अंगावरून वारं गेलंय, उजवा हात-पाय शाबूत. साध्या खुर्चीचं एकच चाक ढकललं की ती जागच्या जागी गरगरते, हे ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांना सांगायला नको. म्हणून वन-हँड ड्राइव्ह. त्यात चांगल्या हाताकडे चाकाला हातानं ढकलायच्या दोन गोल कड्या असतात. एक त्याच बाजूचं चाक फिरवते, दुसरी सीटखालच्या आडव्या दांड्यानं पलीकडच्या चाकाला जोडलेली असते. दोन्ही मिळून ढकलल्या की सरळ, एकच ढकलली की वळण. जादा पैसे मोजायचे ते त्या दांड्याचे.

खुर्ची पार्किंगमध्ये उतरवली तेव्हा मी स्वतः वाकून बाहेरची छोटी कडी फिरवली. उजवं चाक फिरलं. डावं ढिम्म. विचारलंसुद्धा! तर दुकानदार म्हणे, “दादा, रिकामी आहे ना आत्ता. काका बसले, लोड आला की गिअर पकडतो.” कसला गिअर? मान आणखी वीतभर खाली घातली असती तर दिसलं असतं की दांडाच नाही. दुसरी कडी त्याच उजव्या चाकाच्या कडीला तीन ठिकाणी वेल्ड करून वर चंदेरी रंग मारलाय. वर त्यानं खुर्ची एका झटक्यात मिटून दाखवली आणि मी ‘वा’ म्हणालो. दांडा असलेली खुर्ची बहुतेकदा तो काढल्याशिवाय किंवा मोकळा केल्याशिवाय मिटत नाही. पुरावा माझ्यासमोर नाचवला आणि मी दाद दिली. मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे माझा. पण हॉस्पिटलमधून घरी येऊन चौथा दिवस, झोप नाही, फिजिओ गावाला. अशा वेळी गिऱ्हाईक काय तपासणार, हे त्या दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं.

‘हेमी सीट’ तर याहून वाईट. सीट साधारण २ इंच खाली आणायची, म्हणजे चांगल्या पायाचा तळवा पुरता टेकतो आणि माणूस पायानं खुर्ची ओढतो. त्यासाठी मागच्या चाकाचा अ‍ॅक्सल वरच्या भोकात घ्यावा लागतो आणि पुढची बाजूही तेवढीच उतरवावी लागते. यांनी पुढची ८ इंची चाकं काढून ६ इंची बसवली, बस्स. पुढून सीट इंचभर खाली, मागून आहे तिथेच. वडील घसरून पुढे येतात आणि छोटी चाकं धरणारा काटा (फोर्क) तिरपा झाल्यामुळे ती थरथरतात.

आता तक्रार. पोलीस चौकीत ऐकवलं, वस्तू मिळाली ना, मग ही दिवाणी बाब. ग्राहक हेल्पलाइननं तक्रारीला नंबर दिला आणि अकराव्या दिवशी ‘विक्रेत्याने उत्तर दिले’ म्हणून तक्रार बंद केली. उत्तर काय होतं? ‘ग्राहकाला वापरता येत नाही.’ म्हणजे दोष वडिलांच्या हाताचा! तिसऱ्या ऑफिसात साहेबांनी आधी दिव्यांग प्रमाणपत्र मागितलं. अहो, फसवणूक माझी झालीये, टक्केवारी कशाला हवी? दोन फेऱ्यांनंतर कळलं, तो विषय त्यांच्याकडे येतच नाही. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, तिथे आता अर्ज टाकलाय. व्हिडिओ काढून ठेवा: चाकं जमिनीवरून उचलून, एकेक कडी फिरवताना, दोन्ही चाकं एका फ्रेममध्ये. मी तो काढला खरा, पण पूर्ण पैसे देऊन नऊ दिवस झाल्यावर.

बिलावर ‘मॉडिफिकेशन’ एवढंच लिहून घेऊ नका. कोणत्या बाजूला दोन कड्या, दांडा आहे की नाही, सीट जमिनीपासून किती इंच, सगळं लिहून घ्या. बारा हजार अ‍ॅडव्हान्स तर अजिबात नको. चार पायांची काठी ‘लकवा झालेल्या हातात धरायची’ असं सांगणारा दुकानदार भेटला तर बाकी काही विचारूच नका, ती चांगल्या हातात धरतात. आणि दोन हातांनी उचलायचा वॉकर अशा पेशंटला खपवणारेही कमी नाहीत.

सध्या उजवा फूटरेस्ट काढून ठेवलाय आणि मागचा अ‍ॅक्सल गल्लीतल्या सायकलवाल्याकडून वर घेतलाय, २५० रुपये. वडील उजव्या हातानं चाक आणि पायानं दिशा सांभाळत स्वयंपाकघरापर्यंत जातात. डाव्या ब्रेकपर्यंत उजवा हात पोचत नव्हता, म्हणून त्याच्या दांडीवर ८ इंचांचा पाइप घट्ट बसवला. तो ६० रुपयांचा.